मायक्रोओहमचा आकडा एकटा बोलत नाही

वीज उपकेंद्रातला एखादा मोठा सर्किट ब्रेकर जोडलेल्या स्थितीत असतो, तेव्हा त्याच्या एका टर्मिनलपासून दुसऱ्या टर्मिनलपर्यंतचा रोध जेमतेम काही दहा मायक्रोओहम भरतो. एक मायक्रोओहम म्हणजे ओहमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा रोधाची दखल कशाला घ्यायची, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण उष्णतेचा हिशेब विद्युतधारेच्या वर्गावर चालतो. 50 मायक्रोओहमच्या जोडातून 1000 अँपिअर धारा वाहिली की तिथे 50 वॉट उष्णता तयार होते. तोच रोध 500 मायक्रोओहमवर गेला, तर 500 वॉट. बंदिस्त कप्प्यात ही उष्णता बाहेर पडायला वाव नसतो. संपर्कावर दाब देणारी स्प्रिंग तापून ढिली पडते, धातूवरचे ऑक्साइड वाढते, त्यामुळे रोध चढतो आणि चढलेल्या रोधामुळे उष्णता आणखी वाढते. एकदा हे चक्र फिरू लागले की त्याचा शेवट वितळलेल्या संपर्कात किंवा जळालेल्या बसबारमध्ये होतो. ते सुरुवातीलाच पकडण्यासाठी जे हाताने उचलून नेण्याजोगे उपकरण वापरतात, ते म्हणजे मायक्रोओहममीटर. उपकेंद्रातली माणसे त्याला ‘सीआरएम किट’ म्हणतात. त्याच्याबद्दल एक समज पक्का रुजला आहे: चांगला मीटर घेतला, बटण दाबले, पडद्यावर आकडा आला, की काम झाले. माझे म्हणणे याच्या उलट आहे. पडद्यावरचा एकटा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याला अर्थ येतो तो दुसऱ्या आकड्याशी तुलना केल्यावर, आणि दोन आकडे तुलनायोग्य राहायचे असतील तर मीटर वापरण्याची शिस्त आणि त्याची निगा या दोन्ही गोष्टी मोजणीचाच भाग मानाव्या लागतात.

एकटा आकडा मुका का, याचे उत्तर संपर्काच्या स्वभावात आहे. दोन गुळगुळीत दिसणारे धातूचे पृष्ठभाग एकमेकांवर दाबले, तरी ते प्रत्यक्षात मोजक्या सूक्ष्म ठिपक्यांवरच टेकतात. स्वीडिश पदार्थवैज्ञानिक राग्नार होल्म यांनी विद्युत संपर्कांचा आयुष्यभर अभ्यास करून दाखवले की रुंद पट्टीतून येणारी धारा या अरुंद ठिपक्यांमध्ये आकसून शिरते, आणि या आकसण्यामुळेच जोडाचा बराचसा रोध निर्माण होतो. ठिपके किती आणि केवढे असतील, हे दाब, धातूचा मऊपणा आणि पृष्ठभागावरचा थर यांवर ठरते. म्हणूनच एकाच मापाचे दोन बोल्ट, एकाच पट्टीवर, वेगवेगळ्या ताकदीने आवळले तर दोन वेगळे रोध मिळतात. नुसत्या आराखड्यावरून योग्य आकडा गणिताने काढता येत नाही. 60 मायक्रोओहम ही एका ब्रेकरसाठी उत्तम प्रकृती असेल, तर दुसऱ्यासाठी धोक्याची सूचना. आंतरराष्ट्रीय मानकानेही हीच भूमिका घेतली आहे. उच्च दाबाच्या स्विचगिअरसाठीचे आयईसी 62271-1 हे मानक सर्वांना लागू पडेल असा एखादा मायक्रोओहमचा आकडा देत नाही. नमुना ब्रेकरवर तापमानवाढीची चाचणी घेण्याआधी जो रोध मोजला, त्याच्या 1.2 पटीपेक्षा कारखान्यातून निघणाऱ्या त्याच जातीच्या ब्रेकरचा रोध जास्त नसावा, एवढेच ते मागते. कसोटी तुलनेचीच आहे. उपकेंद्रातही तसेच घडते. समजा, आर, वाय आणि बी या तीन फेजचे आकडे 42, 44 आणि 78 आले. यातला 78 स्वतंत्रपणे चांगला की वाईट हे कुणीच सांगू शकत नाही, पण शेजारच्या दोन आकड्यांमुळे तो ताबडतोब संशयित ठरतो.

आता प्रश्न असा की हे काम साध्या मल्टिमीटरने का होत नाही. मल्टिमीटर ज्या दोन तारांतून धारा सोडतो, त्याच दोन तारांवरचे विभवांतर मोजतो. त्यामुळे तारांचा आणि टोकांच्या संपर्काचा रोध उत्तरात मिसळतो. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरभर लांबीला सुमारे 6.9 मिलिओहम असतो. पाच-पाच मीटरच्या दोन तारा घेतल्या तर त्यांचाच रोध 69,000 मायक्रोओहम झाला, आणि मोजायचे आहेत 50. हे ट्रकच्या वजनकाट्यावर ट्रकसकट सोन्याची अंगठी तोलण्यासारखे आहे. शिवाय मल्टिमीटरची चाचणीधारा बहुधा मिलिअँपिअरच्या घरातली असते. तेवढ्या धारेने 50 मायक्रोओहमवर पडणारे विभवांतर व्होल्टच्या कोट्यंशांत जाते आणि ते त्याला दिसतच नाही. यावरचा उपाय एकोणिसाव्या शतकात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी घालून दिला. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलसाठी वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या वाहकतेत मोठा फरक असतो, हे त्यांनी 1857 मध्ये दाखवले होते. असे लहान रोध नेमके मोजायचे तर जोडतारांचा रोध हिशेबातून बाहेर काढायला हवा, आणि त्यासाठी त्यांनी दुहेरी सेतूची रचना मांडली. आजच्या मायक्रोओहममीटरच्या चार तारा त्याच विचारावर चालतात. दोन जाड तारा धारा आत सोडतात आणि बाहेर नेतात. दोन बारीक तारा फक्त विभवांतर पाहतात. बारीक तारांतून धारा जवळजवळ वाहतच नसल्यामुळे त्यांच्या रोधावर विभवांतर पडत नाही. 100 अँपिअर धारा आणि 50 मायक्रोओहम रोध असेल तर मोजायला 5 मिलिव्होल्ट मिळतात, आणि ते विश्वासाने मोजता येतात.

चार तारांची ही युक्ती टिकते ती मात्र टोके लावणाऱ्या हातांवर. विभवांतराची टोके नेहमी धारेच्या टोकांच्या आतल्या बाजूला, मोजायच्या जोडाच्या जवळ लावावी लागतात. ती बाहेर गेली तर धारेच्या चिमट्याचा स्वतःचा संपर्करोध आकड्यात शिरतो. रुंद बसबारवर आणखी एक खबरदारी लागते: चिमट्यापाशी शिरलेली धारा पट्टीच्या पूर्ण रुंदीत पसरायला थोडे अंतर घेते, म्हणून धारेचे टोक विभवांतराच्या टोकापासून पट्टीच्या रुंदीच्या मानाने पुरेसे दूर हवे. टोके बोल्टच्या डोक्यावर टेकवायची की पट्टीवर, हेही ठरलेले पाहिजे, कारण मीटर दोन विभवांतर-टोकांमधले जे असेल ते सगळे मोजतो आणि त्याव्यतिरिक्त काहीच मोजत नाही. मागच्या वर्षी लगवर टेकवलेले टोक यंदा दहा सेंटिमीटर पुढे पट्टीवर टेकले, तर फरक जोडात पडला की जागेत, हे कुणालाही सांगता येणार नाही. म्हणून मोजणीची जागा नोंदवहीत लिहिणे, शक्य तिथे रंगाच्या ठिपक्याने खूण करणे, ही मोजणीची पहिली पायरी आहे.

चाचणीधारा किती असावी, यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. मोठी धारा संपर्कावरचा पातळ ऑक्साइड थर फोडून टाकते आणि खराब संपर्कही चांगला दाखवते. मग 100 अँपिअर सोडून आपण स्वतःलाच फसवत नाही का? सिग्नलच्या रिलेसंबंधी हा आक्षेप पूर्ण खरा आहे. तिथे प्रत्यक्ष कामात धारा आणि विभवांतर इतके कमी असते की थर फुटतच नाही, म्हणून असे संपर्क 20 मिलिव्होल्टपेक्षा जास्त न देणाऱ्या मीटरनेच तपासायचे असतात. पण शेकडो अँपिअर वाहून नेणाऱ्या ब्रेकरमध्ये तो थर रोजच्या कामात फुटणारच आहे. तिथे कमी धारेने मोजले तर जे दोष प्रत्यक्षात त्रास देत नाहीत तेच मोठे दिसतात. म्हणून आयईसी मानक किमान 50 अँपिअर आणि अमेरिकन मानक किमान 100 अँपिअर धारा सांगते. यातून निघणारा नियम असा: चाचणीधारा त्या संपर्काच्या कामाशी जुळणारी असावी आणि दर वेळी तीच असावी. एका वर्षी 10 अँपिअरने आणि दुसऱ्या वर्षी 200 अँपिअरने घेतलेले आकडे शेजारी शेजारी लिहिले, तरी ते एकमेकांशी बोलत नाहीत.

परिस्थिती आकड्यात कशी घुसते, याची आणखी तीन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. पहिले उष्णताविद्युत विभवाचे. दोन वेगळे धातू जिथे भेटतात तिथे तापमानातल्या फरकामुळे सूक्ष्म विभव निर्माण होते, हे 1821 मध्ये झेबेक यांना आढळले. 10 अँपिअर धारेने 50 मायक्रोओहमवर 500 मायक्रोव्होल्ट मिळत असतील आणि उन्हात तापलेल्या टर्मिनलवर 25 मायक्रोव्होल्टचे असे विभव बसले असेल, तर मीटर एका दिशेने 52.5 आणि धारा उलटवल्यावर 47.5 दाखवतो. दोन्हींची सरासरी घेतली की खरे 50 हाती येतात. धारा उलटवून पुन्हा मोजण्याचा हा एक मिनिट वाचवण्यात शहाणपण नाही. दुसरे उदाहरण तापमानाचे. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो आणि त्याचे सूत्र सोपे आहे: दोन्ही तापमानांत 234.5 मिळवायचे आणि गुणोत्तर काढायचे. नागपुरात जानेवारीच्या पहाटे 15 अंशांवर मोजलेली मोटारीची वाइंडिंग मे महिन्यात 45 अंशांवर मोजली, तर काहीही बिघडलेले नसताना आकडा 12 टक्क्यांनी चढलेला दिसेल. तापमान लिहिले नसेल तर हा फरक दोष समजला जाईल किंवा खरा दोष त्याच्या आड लपेल. तिसरे उदाहरण अर्थिंगचे. सुरक्षिततेसाठी ब्रेकरच्या दोन्ही बाजू अर्थ केलेल्या असतात, आणि ते योग्यच आहे; पण त्यामुळे चाचणीधारेला जमिनीच्या जाळ्यातून दुसरी वाट मिळते. त्या वाटेचा रोध 5 मिलिओहम धरला, तर 50 मायक्रोओहमचा आकडा अवघा एक टक्का कमी दिसतो. संपर्क बिघडून 500 वर गेला असेल, तर मात्र तो 455 च्या आसपास दिसतो. म्हणजे दोष जितका मोठा, तितका तो झाकला जातो. यासाठी अर्थ काढून टाकण्याचा मोह घातक आहे, कारण शेजारच्या चालू लाइनमुळे सुट्या वाहकावर जीवघेणे विभव चढू शकते. अर्थच्या वाटेने गेलेली धारा क्लॅम्पने मोजून वजा करणारे मीटर आता मिळतात. ते नसेल तर अर्थ कसा होता हे दर वेळी सारखे ठेवावे आणि लिहावे.

इथे थर्मल कॅमेऱ्याचा मुद्दा पुढे येतो. तापणारा जोड कॅमेऱ्यात लांबूनच आणि पुरवठा चालू असताना दिसतो. मग शटडाऊन घेऊन, परमिट काढून, चिमटे लावत बसायचे कशाला? कॅमेऱ्याची उपयुक्तता मोठी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. त्याच्या मर्यादा मात्र त्याच वर्गाच्या नियमातून येतात. भार पूर्ण भाराच्या 40 टक्के असेल तर जोडातली उष्णता पूर्ण भाराच्या उष्णतेच्या केवळ 16 टक्के असते, आणि सुरुवातीचा दोष त्यात हरवून जातो. व्हॅक्यूम ब्रेकरचे संपर्क बंद बाटलीत असतात, गॅसभरल्या स्विचगिअरचे धातूच्या नळकांड्यात. तिथपर्यंत कॅमेऱ्याची नजर सहज पोहोचत नाही. आणि नव्याने बसवलेला जोड चार्ज करण्याआधी तपासायचा, तर त्यात धाराच नसते. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचे उदाहरण घ्या. गळीत हंगाम संपला की सहवीज प्रकल्पाचे टर्बाइन थांबते आणि दुरुस्तीचा काळ सुरू होतो. पॅनल उघडून बसबारचे जोड आवळायला हीच वेळ मिळते, आणि नेमका तेव्हा कॅमेरा निरुपयोगी असतो. हंगाम चालू असताना कॅमेऱ्याने संशयित जागा टिपाव्यात आणि तो संपल्यावर मीटरने त्या पडताळाव्यात, ही वाटणी नैसर्गिक आहे. दर वर्षी त्याच सुमारास त्याच जोडांची मोजणी होत असल्याने तुलनेची मालिकाही आपसूक तयार होऊ शकते.

ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा रोध मोजताना मात्र आकड्याआधी जिवाचा विचार करावा लागतो. वाइंडिंगमध्ये प्रेरकता मोठी असल्याने धारा स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि घाईने वाचलेला आकडा चुकीचा असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे धारा वाहताना चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. 100 हेन्रीच्या प्रेरकतेत 10 अँपिअर धारा असेल तर ती 5000 ज्यूल होते. अशा वेळी कुणी चिमटा उपटला तर ती सगळी ऊर्जा चिमट्याच्या तोंडाशी ठिणगी आणि उच्च विभवाच्या रूपाने बाहेर येते. मीटरने विसर्जन पूर्ण झाल्याचे दाखवेपर्यंत कोणत्याही तारेला हात लावायचा नाही, या नियमाला अपवाद नाही. वाइंडिंग तापू नये म्हणून चाचणीधारा तिच्या रेटेड धारेच्या 10 ते 15 टक्क्यांच्या आत ठेवतात, आणि मोजणीनंतर गाभ्यात उरलेले चुंबकत्व काढून टाकतात. नाहीतर पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना धारेचा मोठा उसळता लोंढा येऊ शकतो.

देखभालीकडे वळले की बहुतेकांचे लक्ष मीटरच्या पेटीकडे जाते, पण आजारी पडतात त्या तारा आणि चिमटे. केल्विन चिमट्याचे दोन जबडे एकमेकांपासून विलग केलेले असतात: एकातून धारा जाते, दुसरा विभवांतर पाहतो. मधला इन्सुलेशनचा तुकडा तुटला किंवा त्यावर धातूचा कीस आणि तेलकट मळ साचला, की चार तारांची मोजणी गुपचूप दोन तारांची होते. मीटर कोणतीही चूक दाखवत नाही, आकडा मात्र चढतो. म्हणून चिमटा उघडा ठेवून दोन जबड्यांत सातत्य नाही ना, हे साध्या मल्टिमीटरने अधूनमधून पाहावे. धारेच्या तारेचे धागे लगजवळ वारंवार वाकून एकेक करून तुटतात. मग मीटर पूर्ण धारा सोडू शकत नाही. मूळ तार लांबीला अपुरी पडली म्हणून बाजारातून बारीक तार आणून जोडली, तरी हेच होते. हातात धरायच्या टोकदार प्रोबची टोके बोथट झाली तर ती ऑक्साइड भेदत नाहीत आणि आकडा नाचतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातली दमट, खारी हवा चिमट्यांवर थर चढवते, म्हणून वापरानंतर ते पुसून, कोरडे करून ठेवणे तिथे जास्त निकडीचे आहे. बॅटरी रिकामी करून महिनोन्महिने कपाटात ठेवली तर ती मरते. लेड ॲसिड बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट बसते आणि मग ऐन शटडाऊनमध्ये मीटर पाच मोजण्यांत मान टाकतो. या प्रत्येक गोष्टीचा परिणाम एकच: यंदाचा आकडा मागच्या आकड्याशी जुळवून पाहण्याच्या लायकीचा राहत नाही.

यावर कुणी म्हणेल, कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र आहे, मग वेगळी चिंता कशाला? प्रमाणपत्राचे मोल खरोखर मोठे आहे. एनएबीएलची मान्यता असलेली प्रयोगशाळा मीटर प्रमाण रोधांशी ताडून पाहते, ते रोध नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणाऱ्या साखळीने बांधलेले असतात, आणि ओहमचा पाया आज निसर्गाच्या स्थिरांकांवर आहे: क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी 1980 मध्ये शोधलेल्या क्वांटम हॉल परिणामात रोध 25,812.807 ओहमच्या नेमक्या अपूर्णांकांतच येतो. पण प्रमाणपत्र त्या दिवसाबद्दल बोलते, आणि पुष्कळदा प्रयोगशाळेच्या तारांनी केलेल्या मोजणीबद्दल बोलते. यार्डातल्या तुमच्या तारांची हमी त्यात नसते. दोन कॅलिब्रेशनमधले वर्ष सांभाळण्याचा एक स्वस्त मार्ग प्रत्येक कार्यशाळेत पडून आहे: पॅनलच्या अँपिअरमीटरसाठी वापरला जाणारा मँगनिनचा शंट. 100 अँपिअरला 75 मिलिव्होल्ट देणाऱ्या शंटचा रोध 750 मायक्रोओहम असतो. मँगनिन या तांबे, मँगनीज आणि निकेलच्या मिश्रधातूचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही, आणि शंटला धारेचे दोन मोठे बोल्ट व विभवांतराचे दोन छोटे स्क्रू असे चार जोड आधीच असतात. एक चांगला शंट मीटरच्या पेटीतच ठेवावा, कॅलिब्रेशनहून मीटर आला की मोजून आकडा लिहावा, आणि प्रत्येक कामाला निघण्याआधी तोच आकडा येतो का ते पाहावे. बदलला तर दोष मीटरमध्ये, तारांत किंवा बॅटरीत आहे, आणि तो यार्डात जाण्याआधी कळला.

शेवटचा आक्षेप आधुनिकतेचा आहे. नवे मीटर धारा आपोआप उलटवतात, सरासरी काढतात, आकडे स्मृतीत साठवतात. मग माणसाच्या शिस्तीवर एवढा भर का? कारण हे मीटर जे सांभाळतात ते पेटीच्या आतले आहे. टोक कुठे टेकले, जोडाचे तापमान काय होते, अर्थ एका बाजूला होता की दोन्ही, मोजण्याआधी ब्रेकर किती वेळा चालवला, हे मीटरला ठाऊक नसते आणि कधीच ठाऊक होणार नाही. म्हणून चाचणी अहवालाच्या छापील नमुन्यात रोधाच्या रकान्याशेजारी चाचणीधारा, तापमान, टोकांची जागा, अर्थची स्थिती, शंटवरचा आकडा आणि त्याच जोडाचे मागचे वाचन हे रकाने असलेच पाहिजेत, आणि ते रिकामे असतील तर काम घेणाऱ्याने अहवाल परत पाठवला पाहिजे. नव्या ब्रेकरचा पहिला आकडा तर सर्वांत मौल्यवान, कारण पुढच्या तीस वर्षांचा निवाडा त्याच्या आधाराने होणार असतो. तो चार्ज करण्याच्या घाईत गमावला तर पुन्हा कधीच मिळत नाही. या सवयीला लाखांचा खर्च लागत नाही. लागते ती एवढी समज, की पुढच्या वर्षी हाच जोड मोजायला दुसरा कुणी उभा राहील आणि आज लिहिलेल्या ओळीवर त्याला निर्णय घ्यावा लागेल.